पाठमोरी रांग: ‘घाशीराम कोतवाल’च्या प्रेक्षकांचे एक प्रकरण

१६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. निर्मिती प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनची, म्हणजे पुणेकर जिला पीडीए म्हणत त्या हौशी संस्थेची. दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे आणि नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. एकोणीस प्रयोग झाल्यावर संस्थेने नाटक थांबवले. नाटक करणारी मंडळी बाहेर पडली, त्यांनी २७ मार्च १९७३ रोजी थिएटर अकादमी ही संस्था काढली आणि ११ जानेवारी १९७४ पासून तेच नाटक पुन्हा उभे केले. पुढे ते गावोगाव फिरले, १९८० मध्ये युरोपला जाऊन आले, आणि मराठी नाटकाचा विषय निघाला की आजही त्याचे नाव पहिल्या काही नावांत घेतले जाते.

इतका तपशील नाटकाच्या वर्तुळात सर्वांना ठाऊक असतो. या नाटकावर आजवर जे लिहिले गेले त्यातले बहुतेक लेखन संहितेबद्दल किंवा वादाबद्दल आहे: पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस नाटकात दाखवले तसे होते की नव्हते, नाटक ब्राह्मणविरोधी आहे की नाही, बंदी योग्य होती की अयोग्य. प्रस्तुत टिपणात प्रश्न वेगळा आणि तुलनेने लहान घेतला आहे. हे नृत्य-संगीतप्रधान नाटक पाहणाऱ्यांच्या मनात नेमके काय राहिले, आणि ज्यांना ते आवडले व ज्यांना ते खुपले त्या दोघांच्या स्मरणातली गोष्ट एकच कशी निघते, एवढेच येथे पाहायचे आहे.

प्रथम प्रेक्षकाच्या सवयीबद्दल. किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यातच रंगभूमीवर आले, म्हणजे १९७२ पर्यंत मराठी माणसाला गाणारे नाटक पाहण्याची नव्वदहून अधिक वर्षांची सवय होती. मात्र त्या नाटकात नट गात असे, नाचत नसे. पद सुरू झाले की पात्र जागच्या जागी उभे राहावे किंवा बसावे, ऑर्गन-तबल्याच्या साथीने पद रंगवावे, आणि ‘वन्स मोअर’ आला की पुन्हा तेच पद म्हणावे, यात कोणाला वावगे वाटत नसे. नाच पाहायचा तर तो तमाशात, आर्यभूषण थिएटरात, आणि तिथे जाऊन आल्याचे घरी सांगायची पद्धत नव्हती. त्यामुळे पांढरपेशा नोकरदारांच्या एका हौशी संस्थेतील सोवळ्या-धोतरातली माणसे दोन तास सतत लयीत हलताना पाहणे, हा त्या प्रेक्षकाला सर्वस्वी नवा अनुभव होता. करणारे तरी कोण? जब्बार पटेल दौंडला डॉक्टरकी करणारे, नानांची भूमिका करणारे मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. नर्तक म्हणून तयार झालेली मंडळी ती नव्हेत, आणि रांगेतल्या चालींमध्ये ते दिसतही असे. ही माणसे नाचत आहेत असे वाटण्याऐवजी ती डुलत आहेत असे वाटे, आणि ते त्या नाटकाच्या पथ्यावरच पडले.

आता त्या रांगेकडे वळतो. संहितेत ती बारा माणसांची आहे. पडदा उघडतो तेव्हा पुण्याचे ब्राह्मण एका ओळीत उभे असतात, गणपतीचे नमन सुरू असते, गणपती, सरस्वती, लक्ष्मी नाचत येऊन जातात, आणि ओळ हरिनामाच्या गजरावर एका बाजूने दुसऱ्या बाजूला झुलत राहते. कोकणातल्या नमन-खेळे या लोकनाट्यात खेळे असेच ओळीने उभे राहून गातात. तेंडुलकरांना नाटकाचा घाट तिथून सापडला. पण खेळ्यांची ओळ ही गाणाऱ्यांची ओळ असते. येथे तिला आणखी एक काम दिले गेले. ओळ पाठमोरी झाली की ती भिंत होते, तिच्यापुढे एक घटना घडते आणि मागे दुसरी घडत असल्याचा भास होतो. ओळ मधोमध दुभंगली की दार उघडते. तीच माणसे क्षणात बावन्नखणीकडे, म्हणजे कलावंतिणींच्या वस्तीकडे, निघालेले रंगेल पुरुष होतात, क्षणात पेशव्यांच्या रमण्यात दक्षिणेसाठी दाटी करणारे याचक, क्षणात चोरीचा आळ आलेल्या घाशीराम या परक्या माणसाला लाथाडणारा जमाव, आणि शेवटी त्याच माणसाच्या जिवावर उठलेले शहर. नेपथ्य म्हणून रंगमंचावर फारसे काही लागतच नाही.

या ओळीचे खरे सामर्थ्य ती काय लपवते यात आहे. प्रेक्षकाला समोर पाठी दिसतात, पलीकडे काय चालले आहे ते कळत असते आणि तरीही पाहता येत नाही. वर कानावर भजनाचा गजर पडत असतो. संगीतकार चंदावरकर सतारीचे जाणकार, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे. त्यांनी कीर्तन, अभंग, लावणी, गोंधळ, भारूड यांच्या चाली एकमेकींना अशा जोडल्या की भक्तीचा सूर कुठे संपला आणि शृंगाराचा कुठे सुरू झाला हे ओळखेपर्यंत प्रेक्षकाचा पाय ठेका धरून गेलेला असे. कीर्तनाला निघालो असे सांगून बावन्नखणीत शिरणाऱ्या माणसाचा ढोंगीपणा त्यात शब्दांनी सांगावा लागत नाही, चालच सांगते.

येथे एक घरगुती साक्ष नोंदवतो, कारण प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांचा विचार मी मुळात तिच्यामुळे करू लागलो. माझी आत्या आणि तिचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणत असू, सदाशिव पेठेत राहत. पीडीएने केलेल्या एकोणीस प्रयोगांपैकी एक दोघांनी शेजारी शेजारी बसून पाहिला. आत्याला तो इतका आवडला की थिएटर अकादमीने नाटक पुन्हा आणल्यावर ती मैत्रिणींबरोबर जाऊन आणखी दोनदा पाहून आली. अण्णा पुन्हा गेले नाहीत. आमच्या लहानपणी हा विषय निघाला की आत्या हातातले काम ठेवून ओट्यापाशी उभी राही, पदर खोचून घेई आणि रांग कशी झुलते ते करून दाखवी: आधी वजन डाव्या पायावर, मग खांदा, मान सर्वांत शेवटी, आणि मग एकदम गर्रकन पाठ. ती पाठ फिरवल्यावर आम्हांला खरोखरच स्वयंपाकघराची भिंत जरा पुढे सरकल्यासारखी वाटे. नाटकातल्या घटनांचा क्रम विचारला तर तिला तो नीट सांगता येत नसे. घाशीरामाच्या मुलीचे, गौरीचे, काय होते, नाना घाशीरामाला कोतवालीची सनद कधी देतात, तिला गोंधळ होई. रांग मात्र ठाम आठवे.

अण्णांची तक्रार मला बरीच वर्षे इतिहासाची वाटत होती, कारण वाद घालताना ते इतिहासाचीच भाषा वापरत. नाना फडणवीस म्हणजे साडेतीन शहाण्यांतला अर्धा. बेलबागेवरून रोज जाताना ते बाहेरूनच विष्णूला हात जोडत, आणि ते मंदिर नानांनी बांधलेले आहे हे आम्हांला न चुकता सांगत. पण एकदा, उतारवयात, त्यांनी वेगळेच काही सांगितले. ते म्हणाले की नानांबद्दल लोक काय बोलतात याची सवय होते, पण सकाळी पूजेला बसल्यावर हरिनाम घेताना मनात ती डुलणारी रांग उभी राहते, हे त्या लोकांनी फार वाईट केले. एवढे बोलून ते वर्तमानपत्र वाचू लागले.

आत्या आणि अण्णा यांच्या स्मरणातली गोष्ट एकच होती. फरक इतकाच की ती चाल आत्यासाठी नाटकात जन्मली होती, तर अण्णांची ती आधीपासूनची होती आणि नाटकाने ती त्यांच्या देवघरातून उचलून नेली होती. मला वाटते, या नाटकाबद्दलचा राग समजून घेताना आपण नेहमी संहितेतल्या आरोपांपाशी थांबतो आणि हा देहाला, कानाला झालेला धक्का हिशेबात धरत नाही. ढोंगी माणसावर टीका करणारे नाटक कोणत्याही समाजाला पचते, कारण प्रेक्षक स्वतःला त्यातून वगळून घेतो. पण ज्या लयीवर आपण लहानपणापासून टाळ्या वाजवल्या त्याच लयीवर ती माणसे डुलत असतील आणि आपला पायही नकळत हलला असेल, तर वगळून घ्यायला जागा उरत नाही.

बंदीचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. पीडीएचे अध्यक्ष भालबा केळकर यांनी नाटक थांबवण्याचा निर्णय घेतला तेव्हा मुद्दे दोनच होते: नानांचे चित्रण इतिहासाला धरून नाही आणि ब्राह्मण समाज दुखावतो. पहिल्या मुद्द्यात तथ्य शोधायला जागा आहे. ऐतिहासिक घाशीराम हा पुण्याचा कोतवाल होता, त्याच्या कोठडीत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि त्यावरून उसळलेल्या जमावाने ऑगस्ट १७९१ च्या अखेरीस त्याला दगडांनी ठेचून मारले, एवढा सांगाडा खरा. त्यावर तेंडुलकरांनी चढवलेले मांस त्यांचे स्वतःचे. त्यांनी हे लपवले नाही. आपले नाटक ऐतिहासिक नाही, सत्ताधारी आपल्या सोयीसाठी माणूस कसा उभा करतात, त्याच्या हाताने हवे ते करवून घेतात आणि काम झाले की त्याला जमावाच्या हवाली कसे करतात याची ही गोष्ट आहे, असेच ते सांगत राहिले. मुंबईतल्या तत्कालीन राजकारणाचा संदर्भही त्यांच्या मनात होता.

१९८० च्या परदेश दौऱ्याच्या वेळी हा वाद पुन्हा पेटला. मराठ्यांच्या इतिहासातल्या एका मुत्सद्द्याची बदनामी जगापुढे होणार, असा आक्षेप होता आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, असे निवेदन परदेशातल्या प्रेक्षकांपुढे करण्याचा तोडगा निघाला आणि मंडळी पश्चिम बर्लिनला व पुढे युरोपातल्या इतर शहरांत प्रयोग करून आली. हा तोडगा मला या प्रकरणातला सर्वांत बोलका तपशील वाटतो. बर्लिनच्या प्रेक्षकाला नाना कोण हे आधी सांगावे लागणार, मग ते तसे नव्हते हेही सांगावे लागणार; रांगेविषयी मात्र त्याला काहीच सांगावे लागणार नव्हते, कारण पाठ फिरवणारी माणसे कोणत्याही देशात ओळखू येतात. इतिहासापुरता खुलासा करता येतो. लयीचा खुलासा कसा करणार, आणि तो मागणार तरी कोण? अण्णांची तक्रार कोणत्याही न्यायालयात दाखल होण्यासारखी नव्हतीच.

आवडलेल्यांच्या बाजूनेही सगळे सरळ नाही. नाटक देखणे झाले म्हणून त्यातली क्रूरता बोथट झाली, लोक नाचगाणे पाहून खूश होऊन घरी जातात आणि मूळ गोष्ट विसरतात, हा आक्षेप या नाटकावर सुरुवातीपासून घेतला गेला आहे, आणि आत्याचे उदाहरण पाहता तो निराधार म्हणता येणार नाही. तिला खरोखरच गोष्ट आठवत नसे. तरीही मला हा आक्षेप अर्धवट वाटतो. नाटकात दिव्याचा, म्हणजे अग्निपरीक्षेचा, प्रसंग आहे: एका ब्राह्मणावर चोरीचा आळ येतो आणि निर्दोष असल्याचे सिद्ध करायला त्याच्या हातावर तापलेला लोखंडी गोळा ठेवला जातो. हा प्रसंग निव्वळ संवादात वाचला तर अंगावर काटा येतो आणि निघून जातो. रंगमंचावर मात्र आजूबाजूचा ताल चालूच राहतो. माणूस ओरडत असताना कोणी थांबत नाही. आत्या तो प्रसंग सांगताना गोळ्याबद्दल कमी आणि “मागचे झुलायचे थांबलेच नाहीत बघ” याबद्दल जास्त बोले, आणि हे सांगताना तिचा आवाज दरवेळी उतरत असे. गोष्ट विसरलेल्या बाईला नाटकाचे मर्म कळले नव्हते, असे मला तरी म्हणवत नाही.

शेवटच्या प्रसंगाबाबतही तसेच. घाशीराम एकटा, जखडलेल्या हाताने, जमावापुढे ठेचकाळत नाचतो. रमेश टिळेकरांनी ती भूमिका केली. तो पडल्यावर नाना पुढे येऊन शहरावरचे संकट टळल्याचे जाहीर करतात, उत्सवाची आज्ञा देतात आणि पुन्हा नाच सुरू होतो. म्हणजे ज्या नाचाने प्रेक्षकाचे मन रिझवले त्याच नाचात खून पचवून टाकलेला त्याला दिसतो. टाळ्या वाजवायच्या की नाही हा प्रश्न तिथे प्रत्येकाला स्वतःपुरता सोडवावा लागे. बहुतेक जण वाजवत, आणि वाजवल्यावर बाहेर चहाच्या टपरीवर त्याबद्दल बोलत उभे राहत, असे त्या पिढीतल्या अनेकांकडून ऐकले आहे.

ही रांग ऐकून जितकी सोपी वाटते तितकी ती सोपी नसते, हे मी स्वतः एकदा उभे राहून शिकलो. नव्वदच्या दशकात आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात या नाटकातले काही प्रवेश बसवले होते. दीड महिना तालीम झाली, त्यातला महिना निव्वळ चालण्याचा. बसवणाऱ्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितले की शेजाऱ्याच्या पायाकडे पाहायचे नाही, पाय पाहून हलणारा माणूस अर्ध्या मात्रेने मागेच राहतो. शेजाऱ्याचा श्वास ऐकायचा. आम्ही बारा जण एकमेकांच्या इतके जवळ उभे असू की कोणी दुपारी काय खाल्ले तेही कळे. उंच मुलगे कडेला आणि बुटके मध्ये उभे केले तर ओळ मधून खचल्यासारखी दिसते, म्हणून उंची मिसळून लावली. टकलाचा टोप घालून मान झटकन वळवली की टोप तिथेच राहतो आणि डोके पुढे जाते, हा शोध रंगीत तालमीत लागला आणि टोपांना आतून गोंद लावला. धोतराचा काचा ढिला असेल तर गिरकीला तो शेजाऱ्याच्या पायात येतो. त्यासाठी आतून सेफ्टी पिना लावल्या. गळ्याचे काम निराळेच. डोलताना सूर हलू नये म्हणून श्वास पावलाच्या आधी घ्यावा लागतो, आणि बारातले चार जण हे विसरले की गजराऐवजी हुंदका ऐकू येतो.

प्रयोगाच्या संध्याकाळी पहिले नमन बरे झाले. भिंत होण्याच्या पहिल्याच वेळी मात्र आमच्यातला एक जण एक मात्रा आधी वळला. अकरा तोंडे प्रेक्षकांकडे आणि एक पाठ. मग तो घाबरून परत फिरला तेव्हा बाकीच्यांनी पाठ केली, त्यामुळे अकरा पाठींमधून एक भेदरलेला चेहरा लोकांकडे पाहत राहिला. प्रेक्षागृह हसले. पुढचे तीन प्रवेश आम्ही त्या हशाखालीच केले. दिव्याचा प्रसंगही हसण्यावारी जाईल अशी भीती होती, पण तिथे हसू आले नाही. ताल सुटला नव्हता, एवढेच त्याचे कारण मला सुचते.

प्रयोग संपल्यावर आम्ही मागच्या बाजूला रंग पुसत बसलो होतो. कोणाचे तरी आजोबा आत आले. पांढरा सदरा, हातात काठी, खिशाला पेन. मूळ नाटक तरुणपणी चार वेळा पाहिल्याचे त्यांनी आधी सांगून टाकले. नाना झालेल्या मुलाने खुर्ची पुढे केली आणि आपल्या कामाबद्दल ते काय म्हणतात याची वाट पाहत तो उभा राहिला. आजोबांनी त्याच्याकडे पाहिले सुद्धा नाही. काठीने हवेत एक आडवी रेघ ओढून ते म्हणाले, “वळताना चुकला तो सोडा, तो पोरसवदा आहे. पण डावीकडून तिसरा पहिल्यापासून घाई करत होता. त्याच्यामुळे सगळी ओळ पुढे पळत होती.”

डावीकडून तिसरा मी होतो.